‘येते’ची पाटी

आमचा ध्रुव काय करतो असं कोणी विचारलं की मी सांगतो, वांगी नाचवतो. खोटं नाही. जे. पी. नगरच्या एका स्टुडिओत तो लहान मुलांची कार्टून्स करतो. वांग्याला पाय, भेंडीला मिशा. अडतीस वर्षांचा घोडा झालाय. मी पद्माकर, सरकारी कारखान्यातला रिटायर्ड ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली. रेघ केसभर इकडची तिकडे झाली की साहेब कागद फाडायचा. आणि माझ्या पोटी हे वाकड्या रेघांचं कार्टं!

कॉलेजात असताना त्याने कुठल्याशा फिल्म सोसायटीत जर्मनीतले शंभर वर्षांपूर्वीचे मूकपट पाहिले आणि तिथेच बिघडला. मलाही घरी एकदा बघायला बसवलं. तिरकी घरं, तिरकी दारं, भिंतीवर चक्क रंगवलेल्या सावल्या, आणि डोळ्यांभोवती काजळ फासलेली माणसं. आवाज नाही. तोंड हलतं, मग काळी पाटी येते, त्यावर तो काय म्हणाला ते लिहिलेलं.

“अरे, यांच्या गवंड्याकडे ओळंबा नव्हता का?” मी म्हटलं.

“घर सरळच आहे, अण्णा. आतला माणूस घाबरलाय, त्याला ते तसं दिसतंय.”

माझी बायको वीणा लसूण सोलत होती. ती म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. तुम्ही चिडलात की मलाही हे घर असंच दिसतं.” घ्या! मायलेक एका बाजूला.

वीणाचा एक कायदा होता. घरातून कोणी ‘जातो’ म्हणून निघायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तसं सगळीच मराठी माणसं म्हणतात, पण हिचं अतीच. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूस ‘जातो’ म्हणाला, तर ती त्याला परत आत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची आणि मगच सोडायची. बसवनगुडीतले आमचे कानडी शेजारी निघताना ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. त्यावर ही खूश. “बघा, ही माणसंही परत यायचं सांगून जातात.”

चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली. मी तिच्याजवळ आत बसलो, ध्रुव मागून स्कूटरवर येणार होता. दार लागलं. तिने मान वळवून काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मधे शुद्धीवर आलीच नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात ध्रुवने मला विचारलं, “अण्णा, आई माझ्याकडे बघून काय म्हणाली?”

“‘येते’ म्हणाली.”

साफ खोटं बोललो. ‘जाते रे’ म्हणाली होती ती. जन्मभर जो शब्द कोणाला काढू दिला नाही, तोच म्हणून गेली. मला अजून तिचा राग येतो. आणि आठवण इतकी येते, की कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मधेच किती झाल्या ते विसरतो. पण पोराला हे कसं सांगायचं? त्याला तेवढ्या एका शब्दाचा आधार आहे, तोही मी काढून घेऊ?

गेल्या वर्षी त्याने वांग्यांतून वेळ काढून स्वतःची फिल्म करायला घेतली. पाच मिनिटांची, मुकी, काळीपांढरी. कशावर म्हणून विचारलं तर म्हणाला, “आईवर. त्या दुपारवर.”

कोळशाने तो वीणाची चित्रं काढत बसायचा. डोळे केवढाले! एका रविवारी त्याने मला आरशासमोर उभं केलं. बोलताना तोंड कसं हलतं ते त्याला बघायचं होतं.

“‘येते’ म्हणा.”

म्हटलं. ओठ ताणले जातात, दात जरा दिसतात. त्याने ते कागदावर उतरवलं.

“आता ‘जाते’ म्हणा.”

“तो शब्द या घरात काढायचा नाही!” मी एवढ्यांदा ओरडलो, की शेजारच्या निवेदिताबाई गॅलरीत आल्या.

“सरी, सरी, बरं,” म्हणत त्याने पेन्सिल ठेवली. मग म्हणाला, “पाटी तरी लिहून द्या, अण्णा. नुसतं ‘येते’. तुमच्या अक्षरात.”

मी जुना बोर्ड काढला, टी-स्क्वेअरवरची धूळ पुसली. शिरोरेघ सरळ आली. खोटं ते खोटं, वर ते सुवाच्य अक्षरात!

मागच्या महिन्यात सकाळी स्टुडिओतच दहाबारा जणांना त्याने फिल्म दाखवली. पडद्यावर आमचीच गल्ली, पण अंगावर कोसळेल अशी तिरकी. अँब्युलन्सची सावली रस्ताभर. काचेत वीणा. तिने मान वळवली, तोंड उघडलं. ओठ ताणले गेले नाहीत. जबडा खाली आला, चांगला मोठा ‘आ’ झाला. ‘जा’. मग ‘ते’. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग काळी पाटी आली. ‘येते.’ माझ्या अक्षरात. सगळ्या वाकड्या फिल्ममध्ये तेवढी एकच गोष्ट ओळंब्यात होती.

दिवे लागले. त्याच्याबरोबर काम करणारी पुण्याची मुग्धा डोळे पुसत म्हणाली, “सुपर्ब झालंय रे! फक्त लिप-सिंक चुकलंय. ती ‘जाते’ म्हणतेय आणि पाटीवर ‘येते’ आलंय. फिक्स कर ना.”

“राहू दे तसंच,” ध्रुव म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

खाली कॉफीच्या टपरीवर मी विचारलं, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“त्याच दुपारपासून. काचेतून दिसलं होतं, अण्णा. तोंडं काढणं हाच तर माझा धंदा.”

“मग गाढवा, मला विचारलंस कशाला?”

त्याने कॉफीवर फुंकर घातली. “आईचं ‘येते’ मला हवं होतं. कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात.”

रडू आलं ते आलंच, टपरीवाल्यासमोर. ध्रुवने दोन्ही पेले नेऊन ठेवले. वर त्याची वांगी खोळंबली होती. जिन्याशी जाऊन तो वळला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. आधी ताणले, मग गोल केले. ‘येतो.’

“ये रे,” मी मोठ्याने म्हटलं.