दाजींनी नळी दुमडली

आमचं दाजी, म्हणजे माझ्या नीलम्मा अक्काचं मालक चनबसाप्पा, गुळव्या. कसबा बावड्याच्या अंगाला जेवढी गुऱ्हाळं उरलीत, तिथनं बोलावणं दाजींनाच. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे दाजी ठरवणार. बोटं पाण्यात बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालायची आणि चिमूटभर पाकाची पाण्यात गोळी वळून बघायची. एकानं तापमान बघायचं यंत्र आणलं, तर दाजी म्हणालं, "ते तुझ्याकडंच ठेव. हाताला लागल्याबिगर मी उतरवायचो न्हाय." असला हट्टी माणूस.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस करून करून माणूस वाळून गेला. शेवटी अक्कानं आपली एक किडनी द्यायची ठरवलं. तपासण्या जुळल्यावरच तिनं घरात सांगितलं. मी लई भांडले तिच्याशी. तिचं आपलं एकच, "माझी हाय, मी देणार."

ऑपरेशन चांगलं झालं. दोघं दोन खोल्यांत. भूल देणाऱ्या डॉक्टर नुजहत मॅडमनी दोघांच्याही टाक्यांजवळ एकेक बारीक नळी ठेवलेली. तिला औषधाचा फुगा जोडलेला, त्यातनं बधिर करायचं औषध हळूहळू आत जायचं. मॅडम मला म्हणाल्या, "दुखण्याच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या नव्या किडनीला चालत नाहीत. गुंगीचं औषध जास्त दिलं तर श्वास मंदावतो. हे तेवढ्या जागेपुरतं काम करतं. दुखलं नाही की माणूस खोल श्वास घेतो, खोकतो, छातीत कफ साठत नाही." मला पटलं. दाजींनाही सांगितलं असणार, पण गुंगीत कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी दाजी सारखं पोटाला हात लावायला लागलं. उजव्या अंगाला खाली, नवी किडनी बसवली तिथं. हळूच चिमटा काढायचं, बोटानं दाबून बघायचं.

"पवित्रा, हितं काय बी लागत न्हाय गं."

"बरं हाय की. दुखायला पायजे हाय व्हय तुम्हाला?" मी म्हणलं आणि डबा खायला बाहेर गेले.

परत येऊन बघते तर माणूस घामानं भिजलेला, दातओठ खाऊन पडलेला. श्वास नुसता वरच्या वर. खोकला आला की तोंड दाबून धरायचं. मशिनवर बी.पी. चढलेलं. सिस्टरनं चादर उचलली, तर नळी दुमडून दाजींच्या मुठीत.

मॅडम आल्या. त्या रागावल्या न्हाईत, रागावले मीच. "डोकं फिरलंय काय तुमचं? अक्कानं ह्याच्यासाठी पोट कापून घेतलं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं पण न्हाय. मॅडमना म्हणालं, "जागा मेल्यागत झालती. मला वाटलं, तिची किडनीच मेली. म्हणून बघितलं कळ येती काय. आली. पण ती कातड्याची का किडनीची, ते कळंना."

मॅडमनी लघवीची पिशवी दाखवली. "ही भरतेय बघा. किडनी चालू आहे. पण असं खोकला दाबून पडलात तर न्युमोनिया होईल, आणि मग तिलाच धोका. आणि खरं सांगू? ही किडनी तुम्हाला कधीच जाणवणार नाही. आम्ही रक्तवाहिन्या जोडतो, संवेदनेच्या नसा नाही जोडत."

"मग ती हाय, ह्ये मला कळायचं कसं?"

मॅडमनी परत पिशवीकडंच बोट दाखवलं. दाजी काही मूठ सोडंनात. पिशवीवर त्यांचा विश्वास न्हाय, म्हणे जुन्या किडन्या पण आतच हायत की, लघवी त्यांची कशावरनं न्हाय?

मी तरातरा अक्काच्या खोलीत गेले. तिची नळी सकाळीच कूस बदलताना निसटलेली. डॉक्टर नवी बसवायला निघाले, तर "राहू दे, सोसंल" म्हणून बाईसाहेब साध्या गोळीवर पडलेल्या. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला न्हे."

मॅडमना विचारून तिला मास्क लावला आणि चाकाच्या खुर्चीतनं आणली. डावी कूस धरून, तोंड वाकडं करत ती दाजींच्या पलंगाला टेकली. त्यांचा हात ओढला आणि आपल्या कुशीवरच्या पट्टीवर ठेवला. हात लागताच ती कळवळली.

"दुखतंय?" दाजी म्हणालं.

"दुखतंय की. हितनं काढली म्हणूनच दुखतंय. हितं न्हाय, मग कुठं असंल ती?"

दाजींनी हात तसाच ठेवला. डोळ्यातनं पाणी गळायला लागलं. मला पण रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

मग त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ सोडली. सिस्टरनं नळी सरळ केली, औषध चालू केलं. मॅडम म्हणाल्या, "थोडा वेळ लागेल, मग दुखायचं थांबेल."

"माझं राहू दे, बाई," दाजी म्हणालं, "आधी हिला लावा."