भागिरथीबाई कामावर हजर झाल्या त्याची गोष्ट

कुसळवाडीची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. इमारत मंजूर होऊन सहा वर्षं झाली होती. त्या आनंदात गावानं नारळ फोडून पायाचा चरही खणला होता, आणि त्या चरात आता पुरुषभर उंचीच्या बाभळी उभ्या होत्या. तेव्हा सभामंडपाच्या उजव्या अंगाला तिसरी-चौथी, डाव्या अंगाला पहिली-दुसरी आणि मधोमध शेंदरी मारुती, असा कारभार चालला होता. उजवं अंग मुख्याध्यापक गहिनीनाथ गुरुजींकडं आणि डावं भागिरथीबाईंकडं.

भागिरथी संगमनेरकडची. बापानं हौसेनं शिकवलेली, मास्तरकीचं ट्रेनिंग केलेली, आणि मग लग्न करून जामखेड तालुक्याच्या या कोरड्या टोकाला आणून टाकलेली. नवरा राधाकृष्ण सोसायटीत नोकरीला लागणार होता. गेली चार वर्षं तो लागणारच होता. तोवर घर भागिरथीच्या पगारावर चालायचं, पण ही गोष्ट घरात कुणी तोंडातून काढायची नाही असा कडक रिवाज होता. सासू राहीबाई चारचौघींत सांगायच्या की, आमच्या सुनंला घरात करमत न्हाई म्हणून जाती शाळंत.

बहात्तर सालचा पावसाळा काही आला नाही, भागिरथीला दिवस गेल्याची बातमी मात्र आली. नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं आणि ती अजून कायम झालेली नव्हती. येत्या मार्चअखेर सलग सेवा भरली की कायम झाल्याचा कागद मिळणार होता, मध्ये एका दिवसाचाही खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भागिरथीला हा कागद हवा होता. दागिना नको होता, लुगडं नको होतं, हा एक कागद हवा होता, कारण तो मिळाला की तिला कुणी उठवू शकणार नव्हतं, सरकारही नाही आणि सासूही नाही.

बाळंतपणाची रजा नव्वद दिवसांची. भागिरथीनं मनाशी बेत केला की नववा महिना लागेपर्यंत शिकवायचं आणि मग रजा टाकायची, म्हणजे पोर अंगावर घेऊन दोन महिने तरी सुखानं काढता येतील. हा बेत इतका सरळ होता की घरात तो कुणालाच पटला नाही. राहीबाईंनी बोटांवर महिने मोजून सांगितलं की पहिलटकरीण सातव्यात ओटी भरून माहेरी जाते, आठव्यात तिला गाडीत बसवत नाहीत, आणि नवव्यात निघाली तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. राधाकृष्णानं पंचांग काढलं. सगळ्यांनी मिळून ओटी भरायचा मुहूर्त पाहिला, निघायचा वार पाहिला, गाडीत बसायची वेळ पाहिली. रजा किती दिवसांची आहे आणि ती संपणार कधी, हे तेवढं कुणी पाहिलं नाही.

गहिनीनाथ गुरुजींनाही घाई झालीच होती. पोट घेऊन फळ्यापुढं उभं राहणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. दुसरीतल्या एका पोरानं त्यांना विचारलं होतं की बाई एवढं काय खातात, आणि गुरुजींना त्याचं उत्तर अभ्यासक्रमात सापडलं नव्हतं. त्यामुळे राधाकृष्णानं सातव्या महिन्यातल्या तारखेचा अर्ज आणला तेव्हा त्यांनी तो वाचायच्या आधीच शिफारस केली.

अर्जावर सही करण्याआधी भागिरथीनं घरात एकदाच तोंड उघडलं होतं. म्हणाली, आत्या, पोर होईल तेव्हा माझी रजा संपत आलेली असेल. त्यावर राहीबाई म्हणाल्या, "सरकार काय मानूस न्हाई व्हय? बाळ ल्हान हाय म्हटल्याव दील की वाढवून." सासूचा सरकारवर एवढा विश्वास पाहून भागिरथीनं सही केली. तिथं ती चुकली, आणि हे ती पुढं आयुष्यभर कबूल करत राहिली.

मग रजा सुरू झाली. धडधाकट बाई माहेरी ओसरीवर बसून सत्तर दिवस शेंगा फोडत राहिली. आई लाडू करून घालत होती, शेजारणी येऊन पोटाचा आकार पाहून मुलगा की मुलगी ते सांगत होत्या, आणि भागिरथी भिंतीवरच्या कॅलेंडरातला एकेक दिवस वाया जाताना बघत होती. मुलगी झाली तेव्हा रजेचे वीस दिवस शिल्लक होते. मुलगी म्हटल्यावर राहीबाईंची काळजी निम्मी झाली आणि त्या बघायलाही आल्या नाहीत. राधाकृष्णानं रजा वाढवायचा अर्ज केला. उत्तर आलं की पगारी रजा संपली, बिनपगारी मिळेल, पण तो सेवेतला खंड धरला जाईल. सरकार माणूस नव्हतं, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

विसाव्या दिवशी भागिरथी पोरीला दुपट्यात गुंडाळून एसटीत बसली. आई रडली, काय हा कसाईपणा म्हणाली. भागिरथी रडली नाही. तिची कंबर भरून आली होती आणि मन सगळ्यांवर चिडलं होतं, त्यात पहिला नंबर तिचा स्वतःचा होता.

गावात वेगळंच शिजलं होतं. भागिरथीच्या जागी सरपंचांचा श्रीमंत नावाचा भाचा बदली मास्तर म्हणून लागला होता. मॅट्रिक झालेला, पाट्या तपासण्यापेक्षा भांग पाडण्यात जास्त वेळ घालवणारा. खुर्चीची ऊब त्याला मानवली होती. बाई वेळेवर हजर झाली नाही तर आपली मुदत वाढते हे त्याला कळलं, आणि त्या दिवसापासून तो फार धार्मिक झाला. जो कधी मारुतीपुढं हात जोडत नव्हता तो आता गावभर सांगू लागला की बाळंतिणीचा सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तिचा पाय देवळात पडला तर विटाळ होईल, आणि आधीच दुष्काळ आहे, आणखी काय काय बघायचं गावानं. देवळाचा गुरव भिमाजी. त्याला हा मुद्दा लगेच पटला, कारण श्रीमंत त्याला बसल्या बसल्या विड्या पुरवत होता.

तर भागिरथी गावात पोचली त्याच संध्याकाळी भिमाजी निरोप घेऊन आला. तिनं त्याला बसायला घोंगडी टाकली आणि शांतपणे मार्ग सुचवले. शाळा सतरा दिवस बाहेर लिंबाखाली भरवू. नाहीतर मी बाहेर बसते, गुरुजींनी मस्टर तेवढं पायरीवर आणून द्यावं, मी सही करते. हा निरोप गहिनीनाथ गुरुजींकडं गेला. गुरुजी नियमाला फार भिणारे. त्यांनी कळवलं की मस्टर शाळेबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे सही करायला आत जायला हवं, आणि आत जायला सव्वा महिना व्हायला हवा, आणि सव्वा महिना होईपर्यंत नोकरीतला खंड पडून गेलेला असणार. राधाकृष्ण म्हणाला, जाऊ दे ना, मी लागतोच आहे सोसायटीत.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला भागिरथी देवळासमोर येऊन उभी राहिली. पोर राहीबाईंजवळ ठेवली होती. पायऱ्यांवर भिमाजी होता, सरपंच होते, गहिनीनाथ गुरुजी होते, आणि आत खुर्चीवर श्रीमंत. मस्टर खुर्चीमागच्या लोखंडी पेटीत. अकराला शाळा भरायची. तोवर सही झाली नाही तर ती गैरहजर.

पायरीजवळ एक पोर फाटक्या लुगड्यावर निजवलेलं होतं, आणि आतून कडूबाई शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. कडूबाई भिमाजीच्या चुलतभावाची सून. देवळाची जमीन सारवणं हे खरं भिमाजीचं काम, पण त्यानं ते केव्हाच हिच्या गळ्यात मारलं होतं. सभामंडप निम्मा सारवून झाला होता आणि ती पोराला पाजायला बाहेर आली होती.

भागिरथीनं त्या पोराकडं पाहिलं. "कितवा दिवस गं?" असं तिनं विचारलं. कडूबाई म्हणाली पंधरावा. आणि सारवायला कधीपासून येतेस? तर म्हणाली बारावा झाला तवापसून, दुसरं कोन करनार. एवढं सांगून तिनं पोर छातीला लावलं, आणि आपण काही विशेष बोललो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

भागिरथी भिमाजीकडं वळली. "भिमाजीमामा, हिचा विटाळ होत नाही?"

गुरुजींनी दुसरीकडं पाहिलं. सरपंचांना खोकला आला. पण भिमाजी कच्चा गुरव नव्हता. तो बिचकला नाही. त्यानं विडी खाली ठेवली आणि म्हणाला, "ती राबाया येती, बाई. राबनाऱ्या बाईला कसला इटाळ? तुमी खुर्चीव बसनार."

सरपंचांनी मान हलवली. गुरुजींनी त्यांच्यापेक्षा थोडी जास्त हलवली. पंचवीस वर्षांच्या संसारात, नोकरीत, देवधर्मात या तिघांनी जे काही मानलं होतं ते सगळं भिमाजीनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांना ते शास्त्रच वाटलं. भागिरथीला मात्र संताप आला. त्यातच पान्हा फुटून चोळी ओली झाली होती आणि चार पुरुषांसमोर पदर कुठं कुठं ओढावा हे कळत नव्हतं.

तिनं चपला काढल्या. पदर खोचला. कडूबाईच्या पायाशी ठेवलेली शेणाची पाटी उचलली आणि म्हणाली, "मग मीही राबायलाच आलेय."

आणि ती आत गेली. कुणी अडवावं कसं? अडवायचं तर भिमाजीला आपलाच शब्द गिळायला लागला असता, आणि वर उरलेला मंडप स्वतः सारवायला लागला असता. भागिरथी उंबऱ्यापासून गुडघ्यावर बसून सारवत निघाली. बाळंतपणाचा एकविसावा दिवस, प्रत्येक वाकण्याला कंबरेतून कळ यायची. पोरं दारात जमून बघत होती की आपल्या बाई हे काय करतात. सारवत सारवत ती खुर्चीपाशी पोचली. श्रीमंतानं आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा घेतला, आणि खुर्चीखालची जागा सारवायची राहिलीय असं तिनं सांगितल्यावर तो उठला. तिनं पेटी उघडली, बोटं लुगड्याला पुसली आणि मस्टरात आपल्या नावापुढं सही केली. अकराला पाच मिनिटं कमी होती.

पण गाव एवढ्यावर सोडत नसतं. मधल्या सुट्टीत सरपंचांचा निर्णय आला की बाई राबायला म्हणून आत आली, ठीक आहे. मग सव्वा महिना होईपर्यंत तिनं रोज तसंच यायला हवं. भागिरथीनं तेही मान्य केलं. कडूबाई तिसऱ्याच दिवशी दुष्काळी रस्त्यावर खडी फोडायला गेली, तिथं बाभळीला झोळी टांगून तिचं पोर निजायचं आणि सव्वा महिन्याचं नाव कुणी काढत नव्हतं. सारवण सगळं भागिरथीवर आलं. सकाळी ती पोरीला पाजायची, शेण कालवायची, मंडप सारवायची, हात धुवायची आणि अकराला हजेरी घ्यायची. मधल्या सुट्टीत राहीबाई पोरीला घेऊन पायरीशी यायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या की, सून देवाची सेवा करतीय, आमच्या घरात हायच ती आवड. श्रीमंताची धार्मिकता मात्र त्याच्या मुदतीबरोबरच संपली. कायम झाल्याचा कागद पुढं एप्रिलात आला, त्यात या सारवणाचा उल्लेख नव्हता.

तेराव्या दिवशी तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. मंडपभर फिरले, स्वच्छ सारवलेली जमीन, कडेला रांगोळीची रेघ, रांगेत बसलेली पोरं पाहून खूश झाले, आणि भेटीच्या वहीत शेरा लिहून गेले: 'शालेय स्वच्छता वाखाणण्याजोगी. मुख्याध्यापकांचे अभिनंदन.' गहिनीनाथ गुरुजींनी तो शेरा तीन वेळा वाचला. मग वही भागिरथीपुढं धरली आणि म्हणाले, आपल्या शाळेचं नाव झालं, बाई.

भागिरथीनं शेरा वाचला. शेणाची रिकामी पाटी आणली आणि गुरुजींच्या टेबलावर, वहीशेजारी ठेवली. "अभिनंदन तुमचं झालंय, गुरुजी," ती म्हणाली, "उद्याचं सारवण पण तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी सव्वा महिना भरायला चार दिवस बाकी होते. अकराला दहा कमी असताना ती आली, चपला काढल्या, आणि कोरड्या हातांनी, ताठ मानेनं आत जाऊन खुर्चीवर बसली. भिमाजी पायरीवरच होता. गुरुजी पेटीपाशी होते. पाटी समोर होती, आणि ती उचलायची कुणी या काळजीत विटाळाचं कुणी बोललं नाही. मारुती तर पहिल्या दिवसापासून काहीच बोलला नव्हता.