माइक बाब्युकची धार

"लॉर्नव्हेलच्या पोराच्या पायात स्टेफाची धार असली की बर्फसुद्धा बाजूला सरतो," असे गावातली माणसे सांगत. सोळा मैलांवरच्या प्रिस्टनचे लोक हेच जरा तिरकसपणे सांगत. "त्या गावात बाप्तिस्मा पाद्री देतो, पण मूल गावाचं होतं ते स्टेफाच्या खोलीतून बाहेर आल्यावर."

थट्टा असली तरी ती खोटी नव्हती. मुलाचे नवे स्केट आणले की आधी हॉकीघराच्या, म्हणजे बर्फावरची हॉकी खेळायच्या छपराखालच्या मैदानाच्या, कोपऱ्यातल्या त्या अरुंद खोलीत न्यायचे, स्टेफाकडून धार लावून घ्यायची आणि मगच घरी न्यायचे, ही लॉर्नव्हेलची रीत होती. शहरातल्या दुकानातून परस्पर धार लावून आणणारे एक कुटुंब होऊन गेले. त्यांचे नाव गावात अजून दबक्या आवाजात निघे.

स्टेफा अडुसष्ट वर्षांची होती. लग्न झाले, नवरा गेला, मुले दूर गेली. तरी गावाला ती माइक बाब्युकची मुलगीच वाटे. धारेचे यंत्र माइकने बसवलेले होते. स्केटचे पाते खालून सपाट नसते. त्याच्या तळाला लांबीभर एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांवर खेळणारा उभा असतो. पन्हळ खोल असेल तर काठ बर्फात घट्ट रुततात, उथळ असेल तर पाते घसरत पुढे जाते. ही खोली फिरत्या दगडाच्या गोलाईवर ठरते, आणि दगडाला गोलाई देणारे हिऱ्याचे टोक एका दांडीला बसवलेले असते. त्या दांडीचा स्क्रू माइकने आवळला होता आणि त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका म्हणजे हात लावायचा नाही. मुलीला त्याने एवढेच सांगितले होते, "हे आपलं माप. बाकी सगळं शिकशील."

त्या मापावर लॉर्नव्हेलने प्रांताचा कप अकरा वेळा जिंकला. कापडी पताका हॉकीघराच्या छताला ओळीने टांगलेल्या होत्या. शेवटची पताका टांगली तेव्हा स्टेफाचे केस काळे होते.

पुढे एकेका गावाने बर्फ गोठवायची यंत्रे बसवली. लॉर्नव्हेलने बसवली नाहीत. दारे उघडी टाकायची, उत्तरेचा वारा आत घ्यायचा, नळीने पाणी मारत थरावर थर चढवायचा. देव गोठवून देत असताना यंत्र कशाला, असे ग्रामसभेत ठरले होते. प्रिस्टनने बावीस वर्षांपूर्वी यंत्र घेतले, तेव्हा आजूबाजूला देवाच्या बर्फावर खेळणारे लॉर्नव्हेल एकटेच उरले.

तेव्हापासून एक विचित्र हिशेब सुरू झाला. घरी खेळले की लॉर्नव्हेल जिंके आणि बाहेर गेले की हरे. थंडी उशिरा पडू लागली, तसे घरचे सामने कमी झाले आणि हरणे वाढले.

सकाळी सहकारी भांडाराच्या मागच्या टेबलावर कॉफी प्यायला म्हातारे जमत. पैसे कोणी द्यायचे ते फासे टाकून ठरे आणि मग हाच विषय निघे. टेबलाचा प्रमुख एल्मर रेम्पेल. शेवटचे तीन कप त्याच्या कप्तानीत आलेले.

"आपल्या पोरांची हिंमत घराच्या उंबऱ्यापुरती," एल्मर म्हणे. "बाहेर गेली की पाय जड."

"पोरांचंच कशाला?" दुसरा कोणी म्हणे. "परवा टीव्हीवर देशाची पोरं फिनलंडकडून मार खाऊन आली. आख्ख्या देशाचे पाय जड झालेत."

"मऊ झाली पिढी. हीटर लावलेल्या गाड्यांत वाढलेली."

एल्मर हे नुसते टेबलावर बोलला नव्हता. सहा वर्षांपूर्वी प्रिस्टनच्या हॉकीघरात, सगळ्यांच्या देखत, त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या नातवाला सुनावले होते, "टायसन, तुझ्या पायांत रक्त आहे की पेज?" टायसनने त्याच दिवशी काठी ठेवली. पुढे तो शहरात गेला, एका गॅरेजात लागला आणि नाताळलाही आला नाही. त्याचा बाप डॅरेल मुलांच्या संघाला शिकवत राहिला. त्या दिवसाबद्दल एल्मर आणि डॅरेल हे बापलेक कधी बोलले नाहीत.

यंदा फेब्रुवारीतच ऊन पडले आणि लॉर्नव्हेलच्या बर्फावर पाणी साचले. घरचा सामना प्रिस्टनला हलवावा लागला. स्टेफाला त्या दिवशी काम उरले नाही.

"चला की आंटी," डॅरेल म्हणाला. "किती वर्षांत बाहेरचा सामना पाहिला नाहीत तुम्ही. आम्ही कसे हरतो ते तरी बघा."

"ऐकते की रोज," स्टेफा म्हणाली, पण कोट चढवला.

ती मैदानाभोवतीच्या काचेला नाक लावून बसली. कोण कोणाला पास देतो याकडे तिचे लक्ष नव्हते. आयुष्यभर पाती पाहिलेली बाई पायांकडेच पाहणार. लॉर्नव्हेलची मुले जोर लावत होती, प्रिस्टनच्या मुलांपेक्षा जास्तच. वळताना त्यांच्या पायांखालून बर्फाचा भुगा उडत होता. प्रिस्टनची मुले एक ढकल देत आणि तीन हात सरकत. लॉर्नव्हेलच्या मुलांना तेवढ्यालाच तीन ढकला लागत. दुसऱ्या डावापर्यंत त्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

"पळा रे," मागून एल्मरचा आवाज आला. "झोपलात काय?"

मध्यंतरात खेळाडू आत गेले आणि बर्फ साफ करणारी गाडी यायला थोडा अवकाश होता. स्टेफा फाटकातून वाकली आणि अंगठ्याचे नख बर्फावर ओढले. नख रुतले. घरच्या बर्फावर थंडीच्या दिवसांत नख नुसते करकरते. मग तिने चरे पाहिले. एका बाजूला प्रिस्टनच्या पात्यांच्या केसासारख्या रेघा होत्या. दुसऱ्या बाजूला तिच्या स्वतःच्या धारेचे पांढरे, खोल चर होते, नांगराच्या तासांसारखे.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. फाटकावरच्या माणसाला वाटले बाईंना चक्कर आली.

परतीच्या बसमध्ये तिने मनाशी हिशेब मांडला. घरचा बर्फ दगडासारखा; तिथे खोल पन्हळ लागतेच, आणि पाहुण्यांची उथळ पाती तिथे घसरतात. अकरा कपांचे गुपित हेच होते. आणि तीच पन्हळ यंत्राच्या मऊ बर्फावर प्रत्येक पावलाला पाय धरून ठेवत होती. बावीस वर्षे मुले बाहेरगावी जणू चिखलातून पळत आली होती, आणि तो चिखल त्यांच्या पायांना तिने बांधून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोलीचे दार लावून घेतले आणि पान्याने स्क्रू फिरवला. लाल रंगाचा टवका उडून तिच्या बाहीवर पडला. तिने तो झटकला नाही. दगडाला नवी गोलाई दिली, दोनदा तपासली आणि डॅरेलला बोलावून घेतले.

"तुझ्या पोरीचे, जॉर्जाचे, स्केट ठेवून जा. शनिवारी प्रिस्टनला परत सामना आहे ना? त्यांना वेगळी धार लावते. तिला पाय कसा वाटतो ते विचार."

"वेगळी म्हणजे?"

"उथळ."

डॅरेलची नजर यंत्राकडे गेली. ठिपका नव्हता. लहानपणापासून त्याने तो पाहिला होता.

शनिवारी बारा वर्षांची जॉर्जा सुटली ती कोणाच्या हाती लागेना. सामना लॉर्नव्हेलने गमावलाच, एक मुलगी किती खेचणार. पण संघाचे तिन्ही गोल तिचे होते. एल्मर दोन्ही हात वर करून उभा होता. "बघा," तो दिसेल त्याला सांगत होता, "रेम्पेलांचं रक्त. एका नातवंडात नाही, तर दुसऱ्यात उसळी मारतंच."

सामन्यानंतर डॅरेल मुलीचे स्केट हातात घेऊन स्टेफाकडे आला. "जॉर्जा म्हणते, आज पायात काहीच नसल्यासारखं वाटलं." त्याने स्केट उलटे केले. "टायसनच्या स्केटना जुनीच धार असायची?"

"जुनीच."

"सगळी वर्षं?"

"सगळी."

त्याने पात्यावर बोट फिरवले, पुन्हा फिरवले. मग तो म्हणाला, "बाबांना मी सांगतो. तुम्ही राहू द्या. टेबलावरची माणसं तुम्हाला सोडायची नाहीत. तुमच्या वडिलांनासुद्धा."

"दगड माझ्याकडे आहे," स्टेफा म्हणाली. "सांगायला तोंडही माझंच लागेल."

सोमवारी ती भांडारात गेली. त्या टेबलाशी बायका सहसा बसत नसत, आणि तीही बसली नाही. एल्मर तिसरा गोल साखरेच्या पुड्या मांडून दाखवत होता.

"ये स्टेफा," तो म्हणाला. "तुझ्या धारेचं नाव काढलं पोरीनं."

"ती माझी रोजची धार नव्हती," स्टेफा म्हणाली. तिने स्क्रूचे सांगितले, नखाचे सांगितले, चरांचे सांगितले. शब्द मोजकेच होते. ते तिने रविवारी चर्चमध्ये बसून जुळवून ठेवले होते. "यंत्राच्या बर्फावर आपली धार पाय धरते. घरी जिंकायचो आणि बाहेर हरायचो, ते त्यामुळे. पोरं आळशी नव्हती. बाहेरच्या सामन्यांना आता मी धार वेगळी लावणार."

 कोणीतरी कॉफीचा मग खाली ठेवला.

"मग देश हरतोय तोही तुझ्याच दगडामुळे म्हण," एकजण हसून म्हणाला. त्याच्याबरोबर कोणी हसले नाही.

"देशाचं देश बघेल," स्टेफा म्हणाली. "मला माझ्या खोलीतलं माहीत."

एल्मरने साखरेच्या पुड्या एकेक करून डब्यात परत ठेवल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "शुद्धीवर आहेस ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्या मापावर आम्ही अकरा कप आणले. मी स्वतः त्या धारेवर उभा राहिलोय. आता तू म्हणणार की माइक बाब्युक चुकला? कबरीत गेलेल्या माणसावर ढकलतेस?" मग त्याचा आवाज आणखी खाली गेला. "आणि माझ्या नातवाला मी जे बोललो, ते काय मग?"

स्टेफाने कोटाची बटणे लावली. तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

"बाप त्याच्या बर्फापुरता बरोबर होता, एल्मर. बर्फ बदलला तरी मी बावीस वर्षं नख लावून पाहिलं नाही, ती चूक माझी. टायसनच्या पायांत काही खोट नव्हती. ते त्याला तूच सांग, मी सांगणार नाही."