अण्णांच्या नावात

हेडमास्तर सायबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "दाखव. यात तुझं नाव कुठं हाय?"

नव्हतं. मी अनुभवाचा दाखला मागायला गेले होते. जिंतूरच्या एका कॉलेजात ऑपरेटरची जागा निघाली होती. काम केल्याचा कागद हवा होता. सायबांनी सगळ्यांसमोर यादी खालीवर केली. प्रवेश, निकाल, टीसी. प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव, अण्णांचं.

"सगळं काम अण्णानं केलंय. तू काय केलं?" ऑफिसात खसखस पिकली.

अण्णांना मरून चार वर्षं झाली होती.

अण्णा आमच्या शाळेचे हेडक्लार्क. ते होते तेव्हा मी कंत्राटावर नवीन लागले होते. झरीहून एसटीने परभणीला यायची. त्यांच्या कीबोर्डला माझा हात लागला की ते खिशातला रुमाल काढून पुसून घ्यायचे. बोलायचे काही नाहीत. नुसतं पुसायचे. एका दुपारी छातीत कळ येऊन गेले आणि शाळेचं काम अडलं. सायबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर माझं वेगळं खातं काढायची परवानगी द्या.

"तुमच्या लोकांला नाव कशाला लागतंय? कामाशी मतलब. अण्णाचंच वापर."

पासवर्ड होता अण्णांच्या कुलदैवताचं नाव. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव नदीला सोडले. त्यांची नात रोज सकाळी दुसऱ्याच्या देवाचं नाव टाईप करून कामाला लागायची. मग पडद्यावर यायचं, 'स्वागत आहे'. शेजारी अण्णांचा फोटो, कपाळाला गंध. भरदुपारी, भरल्या ऑफिसात मला त्या फोटोची भीती वाटायची. मान खाली घालून काम करायची. फोनवर कोणी "अण्णा हायत का?" विचारलं की माझ्या तोंडून "बोला" निघून जायचं. निघून गेल्यावर अंगावर काटा यायचा. मेलेला माणूस कामावर होता. मी नव्हते.

अण्णांच्या खात्याला सगळे हक्क होते. शाळेत नवीन माणूस आला की त्याचं खातं मीच काढायची. शिक्षकांच्या गटात की क्लार्कांच्या गटात, ते मीच टाकायची. सायबांचा भाचा लागला, त्याच दिवशी त्याचं खातं निघालं. शिपायाचंही निघालं. माझं काढायला कितीसा वेळ लागला असता? पण हुकूम नव्हता. हुकुमाची वाट बघायची सवय आमच्या हाडात मुरवलेली आहे, आणि त्याची मला लय चीड येते.

त्या दिवशी दाखल्याशिवाय परत येऊन मी खुर्चीत बसले. माझं नाव टाकलं. बापाचं टाकलं. आडनाव टाकलं, जे ऐकलं की परभणीतली भाड्याची खोली 'आत्ताच गेली' होते. स्वतःला क्लार्कांच्या गटात घातलं, वरचे हक्क दिले. मग माझ्या नावाने आत शिरून अण्णांचं खातं बंद केलं. पुसलं नाही. पुसलं असतं तर माझी चार वर्षंही त्यात गेली असती.

सायब तरातरा आले. "कोनाला इचारून केलं?"

"कोनाला इचारू सायब? अण्णाला?"

"काढून टाक ते खातं. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

"मी न्हाई काढत. तुमी काढा. कोनी काढलं ते तिथं लिहून राहतंय, तुमच्या नावानं."

सायब पाठ फिरवून केबिनमध्ये गेले.

माझं खातं त्यांनी अजून काढून टाकलेलं नाही. बोलतही नाहीत. दाखला दिला नाही, जिंतूरची जागा गेली. मी रोज जाते. कामावरून काढायचं तर मला माझ्या नावाने काढा. मेलेल्याच्या नावाने मी आता एक अक्षर टाकणार नाही. दुसऱ्या कुणा जिवंत माणसाच्याही नाही.