अर्धं बोट वास

वासाशी इतक्या चिकाटीने भांडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नव्या घरातल्या गालिच्याचा वास जात नाही, असं तुम्ही कळवलंत आणि मला इंदिरानगरातले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी आठवले. नोकरी पाटबंधारे खात्यातली, धरणाच्या पाण्याची पातळी रोज वहीत लिहिण्याची. निवृत्तीनंतर धरण सुटलं, वही सुटली नाही. जिन्यातला दिवा किती दिवस बंद होता, दूध किती वाजता उतू गेलं, सगळ्याची नोंद व्हायची.

त्यांची बायको एकदा गुळगुळीत फरशीवर घसरली. झालं, त्यांनी घरभर गालिचा चिकटवून घेतला. त्या गोंदाचा वास असा, की जिन्यात पाऊल ठेवलं तरी डोळे चुरचुरायचे. बायकोला दमा. तिला त्यांनी देवळ्याला तिच्या भावाकडे पोचवलं आणि वास शून्यावर आल्याशिवाय परत आणायचं नाही, असं ठरवलं. अडचण एकच. चाळीस वर्षं तपकीर ओढून त्यांचं स्वतःचं नाक निकामी झालं होतं. म्हणून रोज सकाळी माझी पूजा आटोपली की माझ्या नाकाला बोलावणं येई. "वहिनी, किती?" मी दारात उभी राहून अंदाज सांगायची आणि ते पाण्यासारखी पातळी लिहायचे. आज सहा बोटं, आज साडेपाच. मग उपाय सुरू. खायचा सोडा पसरला, तो कुंच्याने झाडताना स्वतःच पांढरे झाले. कोळशाच्या पाट्या झाल्या. चिरलेला कांदा वास ओढून घेतो असं कुणी सांगितलं, तेव्हापासून कोपऱ्याकोपऱ्यात कांद्याच्या बशा. कांदे मेव्हणाच देवळ्याहून एसटीने पाठवायचा. पोस्टमन एकदा दारात म्हणाला, "आज भजी का काय साहेब?" "भजी नाहीत, प्रयोग आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

फोन आमच्याकडेच होता; ते वर येऊन बोलायचे आणि तिचा आवाज मलाही ऐकू यायचा. एकदा देवळ्याहून तिने विचारलं, "अहो, झालं का तुमचं धरण रिकामं? मला घरी यायचंय."

"एक बोट राहिलंय गं. थोडी कळ काढ."

"एका बोटाने मरणार आहे का मी? आणि वहिनींना म्हणावं, नाक जरा कमी चालवा!"

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या सकाळी मी लांब श्वास घेऊन पाहिला. वास असून नसल्यासारखा होता. पण मोघम बोलायची मला सवय नाही. "अर्धं बोट," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी, भावाच्या ओसरीवर कांदे निवडता निवडता तिचं हृदय थांबलं. दमा नव्हे, हृदय. ते कुणी मोजलंच नव्हतं.

तेरावा झाल्यावर ते वर आले. हातात वही. "वहिनी, किती?"

मी खाली गेले. बशांतले कांदे वाळून गेले होते. घरात वास कसलाच नव्हता. गोंदाचा नव्हता, तिच्या फोडणीचाही नव्हता. शून्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली होती.

"अर्धं बोट आहे अजून," मी म्हणाले.

"तरीच," ते म्हणाले. "बरं झालं, आणलं नाही. तिला त्रास झाला असता."

पुढे ते होते तोवर दर सोमवारी मी खाली जात असे आणि अर्धं बोट सांगून येत असे. वर चढताना मागून विळीवर कांदा चिरल्याचा आवाज यायचा.