विमानाखाली लटकवलेलं लचांड

चार मराठी इंजिनियर जमले की ऑफिसचे किस्से निघतातच. आमच्या ग्रुपचे मात्र मी इतकी वर्षं पोटात ठेवले, कारण काम गुप्त! आता ते विमान भंगारात गेलं, मीही रिटायर झालो. तेव्हा ऐका.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत एका कंपनीत होतो. जुन्या फायटर जेटला नवं मिसाइल बसवायचं, हे आमचं काम. विमान बनलं तेव्हा हे मिसाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि वरून तंबी : टेस्टमध्ये मिसाइल विमानाला घासलं, तर प्रोजेक्ट बंद आणि ग्रुप घरी! मी नुकतंच घर घेतलेलं, ग्रुपमधल्या नागपूरच्या गोखल्याला जुळ्या मुली झालेल्या. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

•

आम्ही राहायचो त्या शॉमबर्ग गावी दिवाळीच्या पार्टीत एका काकूंनी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?"

सांगायची चोरी! मी म्हटलं, "विमानाखाली वस्तू लटकवतो."

काकूंनी माझ्या बायकोकडे फार कणवेनं पाहिलं. निघताना तिच्या हातात करंज्यांचा अख्खा डबा ठेवला.

•

मिसाइलवाल्या कंपनीनं कळवलं, "एकदम फिट बसतं." आम्ही लाकडी मॉडेल करून पंखाखाली लावलं. खरंच बसलं! टाळ्याही झाल्या.

मग विमान जॅकवर उचलून आमचा बॉस वॉल्ट म्हणाला, "आता चाकं आत घ्या." चाकाचं दार सरळ मिसाइलच्या शेपटीवर आपटलं!

वॉल्टनं फोनवर त्यांची हजेरी घेतली. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "बसतं का, एवढंच विचारलंत. उडायचंय असं कुठे बोललात?"

•

कॉकपिटमध्ये मिसाइल सोडायच्या नव्या बटनाला जागाच नव्हती. शोधून शोधून एक कोपरा सापडला, तोही पायलटच्या सीटमागे. आमचा टेस्ट पायलट रिक आत बसला, हात मागे वळवून चाचपडला आणि ओरडला, "हे दाबायला माझा खांदा निखळेल!"

गोखल्या म्हणाला, "अरे यार, एकदाच तर दाबायचंय!"

बटन शेवटी पुढे आणलं. त्यासाठी जे काढलं ते रिकचं पाण्याच्या बाटलीचं होल्डर होतं. तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

•

मिसाइल बसलं, बटन बसलं. पण ते ज्या ट्रॉलीवरून चढवायचं, ती पंखाखाली जाईचना! हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. डोकी मात्र सगळी पीएच.डी. झालेली.

शेवटी आठ-दहा जणांनी ते धूड हातानंच उचललं. गोखल्या सवयीनं ओरडला, "गणपती बाप्पा!" मी एकटाच "मोरया!" म्हणालो. पण पुढच्या खेपेपासून वॉल्टसकट सगळे गोरे "मोरया!" म्हटल्याशिवाय हात लावेनात.

•

आणि मग टेस्टचा दिवस. उडत्या विमानातून मिसाइल खाली पाडायचं. एअरफोर्सचा कर्नल जातीनं हजर.

मिसाइल जमिनीवर चुकून सुटू नये म्हणून त्याला एक पिन लावतात, लाल फितीची. उडण्याआधी ती काढायची. कुणी विसरू नये म्हणून वॉल्टनं नियमच केला : एकानं पिन काढायची, दुसऱ्यानं ती निघाल्याची खात्री करायची, आणि शेवटी सेफ्टीवाल्या नॉर्मननं सगळं पुन्हा बघायचं.

गोखल्यानं पिन काढली. मी खात्री केली. नॉर्मन विमानाखाली जाऊन आला आणि त्यानं अंगठा दाखवला. रिक उडाला.

रेडिओवर आवाज आला, "दाबलं." आम्ही माना वर करून उभे.

"परत दाबलं." मग म्हणाला, "अहो, हे पडतच नाही!"

विमान उतरलं. मिसाइल जागच्या जागी, आणि खाली लाल फीत फडफडतेय! माझ्या डोळ्यांपुढे घराचे हप्ते नाचायला लागले.

वॉल्ट दात-ओठ खात म्हणाला, "पिन कुणी लावली?"

"मी!" नॉर्मन छाती फुगवून म्हणाला. "हे दोघं विसरले होते. तरी बरं, मी बघितलं!"

कर्नल सावकाश विमानाभोवती फिरला, वाकला, पंखाखालून हात फिरवला.

"ओरखडा नाही," तो म्हणाला. "म्हणजे पास. पुढच्या वेळी जमलं तर खाली पाडूनही दाखवा!"