सरलाबाईंचे तीन रविवार

सरलाबाई साळवे मूळच्या नगरकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा मिशनने त्यांना सुरतेत बायबलबाई म्हणून नेमलं. उधन्याला कापडाच्या मागांवर काम करणाऱ्या खानदेशी कामगारांच्या चाळींत जायचं, बायकांपाशी बसायचं, प्रभूची वचनं सांगायची. अकरा वर्षं त्या एकच सांगत आल्या होत्या, की हे जग म्हणजे धर्मशाळा, आपलं खरं घर वर.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात चाळीतल्या मंगलाबाईंचा चार वर्षांचा मुलगा हगवणीने गेला. सरलाबाई भेटायला गेल्या. "तो प्रभूपाशी सुखात आहे," म्हणाल्या.

मंगलाबाईंनी डोळे पुसले. "बाई, मना पोऱ्याले तठे चांगलं पानी भेटी. पन आठला पोरेसनं काय?"

इथल्या पोरांचं काय, या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. निघताना सरलाबाईंनी चाळीची विहीर नीट पाहिली. काठ खचलेला, धुण्याभांड्यांचं पाणी परत आतच झिरपत होतं.

त्यानंतर रोजची प्रार्थना त्यांच्या ओठांवर अडखळू लागली. देवाचं राज्य पृथ्वीवर येवो म्हणून मागायचं, आणि लोकांना पृथ्वी सोडून जायची वाट दाखवायची? प्रभूने तरी आंधळ्याला कुठे सांगितलं होतं, की वर गेलास म्हणजे दिसेल?

त्यांनी बायकांना गोळा केलं. विहिरीला ओटा बांधायचा, पाणी लांब नेणारी मोरी खणायची. गडीमाणसांना सुट्टी रविवारचीच. तीन रविवार सरलाबाई पदर खोचून घमेली उचलत होत्या, आणि तीन रविवार उपासनेच्या वेळी मिशनच्या देवळातली त्यांची जागा रिकामी होती.

पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. "सरलाबाई, आपलं काम आत्म्यांचं. मोऱ्या खणायला दुसरे आहेत."

"साहेब, आत्मा अधांतरी राहतो का? मला तर तो तहानलेल्या देहातच भेटतो."

"आणि उपासना?"

"ती चुकली. पण विहिरीपाशी प्रभू मला लांब वाटला नाही."

साहेब भला माणूस, पण नियमाला पक्का. जड मनानेच त्यांनी सरलाबाईंची नेमणूक थांबवली. सरलाबाई शिवणकाम करू लागल्या. चाळीत जाणं मात्र सुटलं नाही.

पुढच्या वर्षी तापीला महापूर आला. पाणी ओसरल्यावर साहेबांनी देऊळ उघडलं, तर आत गुडघाभर गाळ. काय करावं सुचेना, तोच सरलाबाई चाळीतल्या वीस-बावीस बायका घेऊन आल्या. एकीनेही बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. मंगलाबाईंनी सरळ वेदीपुढचा गाळ उपसायला घेतला. साहेबांनी दारातच झगा काढून ठेवला आणि फावडं मागून घेतलं.

महिन्याभराने ते स्वतः सरलाबाईंच्या खोलीवर आले. "परत कामावर या."

"आता तेच जुनं सांगणं जमायचं नाही, साहेब."

"तुमचं सगळं मला पटलंय असं नाही," साहेब म्हणाले. "पण देवळामागची खोली रिकामी आहे. चाळीतल्या मुलांसाठी काही करता का?"

सरलाबाईंनी त्याच आठवड्यात तिथे बालवाडी सुरू केली. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली. त्यांतली दोन रडून परत गेली.